पावशीवरचा काळा डाग आणि डाळिंबाचा रस

आमच्या न्हाणीच्या मागे डाळिंबाचं एक झाड आहे. मी लग्न होऊन या घरी आले ते २००१ साली. तेव्हा ते माझ्या खांद्याएवढं होतं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते लावलेलं. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की खारट लागतं, त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जमीन काळी आणि खोल. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा ठिकाणी आमची पपई जगली नाही, संत्र्याची दोन कलमं हौसेनं आणली तीही वाळली. डाळिंब मात्र टिकलं. हे झाड थोडाफार खार सोसून घेतं. मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही, म्हणून मामाजींनी घराचा पाया खोदताना निघालेला मुरूम न्हाणीमागे टाकून उंचवटा केला आणि त्यावर रोप लावलं. न्हाणीचं पाणी नालीतून बाजूनं जातं, तेवढ्यावर ते वाढलं.

फळ देशी आहे. वरून पिवळसर, एका अंगाला लाली, आत दाणे फिक्या गुलाबी रंगाचे. चव आंबटगोड. बाजारातल्या भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे कसे गर्द लाल आणि नुसते गोड असतात, तसं हे नाही. पाहुण्यांना कापून दिलं तर "कच्चं आहे का हो?" असं विचारतात. कच्चं नसतं, त्याची जातच तशी आहे, आणि याच आंबटपणाची मोठी किंमत आहे हे मला फार उशिरा कळलं.

मी बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. डाळिंबाच्या रसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना अनार नेतात, बाळंतिणीला अनार देतात, दवाखान्याच्या गेटवर अनाराच्या गाड्या उभ्या असतात. एवढा मान आहे त्या फळाला. पण ज्या कामासाठी लोक पोटाला चिमटा घेऊन ते विकत आणतात, ते काम त्या फळाचं नाही. आणि ते चुकीचं काम काही वर्षं मीसुद्धा तोंड भरून सांगत होते.

एक पहिलटकरीण होती. नाव लिहीत नाही. दुसऱ्या गावाहून आलेली, एकोणीस-वीस वर्षांची, घर दोन्ही वेळच्या मजुरीवर चालणारं. पाचव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. गरोदरपणात ते निदान ११ तरी हवं. मी तिच्या घरी गेले, लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी सांगितली आणि शेवटी म्हणाले, "अन डाळिंबाचा रस घेत जा, रक्त वाढते." मला माझ्या आईनं हेच सांगितलं होतं, तिला तिच्या आईनं. तिच्या नवऱ्यानं ते मनावर घेतलं. दर बाजाराला चार-पाच डाळिंबं यायची. ती सकाळी गिलासभर लाल रस प्यायची आणि मला दाखवायचीही. मला बरं वाटायचं.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. ८.२.

मी घरी गेले. तिची सासू दाराशीच बसलेली. गोळ्यांचं विचारलं तर तिनं आतून टिनाचा डबा आणला. सगळ्या पट्ट्या तशाच, एकही गोळी फोडलेली नव्हती. म्हणाली, "बाई, थ्या गोळीनं तिले मळमळते. संडास काळी होते. पोट्टं काळं निपजते म्हणतात. त्यापरीस अनार बरं नाही का? लाल रस, लाल रक्त. तुमीच त सांगतलं."

मीच तर सांगितलं होतं. तो डबा हातात घेऊन मी किती वेळ उभी होते ते आजही आठवतं. पुढे तिला ग्रामीण रुग्णालयात नेऊन सलाईनमधून लोह दिलं, बाळंतपण नीट झालं, लेकरू आता तिसरीत आहे आणि माझ्याच अंगणवाडीतून गेलेलं आहे. पण त्या दोन महिन्यांत त्या घरानं डाळिंबावर घातलेला पैसा आणि बिनाफोडलेल्या त्या पट्ट्या माझ्या मनातून गेल्या नाहीत.

मग मी हिशेब मांडला. शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह असतं सुमारे ०.३ मिलिग्रॅम. रसात त्याहूनही कमी. आणि गरोदर बाईला आपण जी लाल गोळी देतो तिच्यात ६० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीएवढं लोह पोटात जायला वीस किलो दाणे खावे लागतील. फळ नाही, नुसते दाणे. गोळीतलं सगळं अंगाला लागत नाही हे खरं, पण दाण्यांतलंही सगळं लागत नाही. रंग लाल आहे तो फळाच्या रंगद्रव्याचा. रक्ताच्या लाल रंगाशी त्याचं काही नातं नाही. बीटाचंही तेच.

दुसरी गोष्ट मला पावशीनं दाखवली. पावशी म्हणजे विळी. माझी पावशी जुनी, लोखंडी पात्याची, माहेराहून आलेली. तिच्यावर डाळिंब चिरलं आणि धुवायचं राहून गेलं की पात्यावर निळसर काळा डाग उठतो. बोटांच्या नखांतही काळं जातं. हा डाळिंबाच्या सालीतला आणि पांढऱ्या पापुद्र्यातला तुरट अंश, म्हणजे टॅनिन. तो लोखंडाला धरतो आणि काळा होतो. डाळिंबाची साल आणि लोखंड उकळून काळा रंग करण्याची पद्धत फार जुनी आहे, ती याच गुणावर. आता हाच तुरट अंश पोटात गोळीतल्या लोहालाही धरतो आणि ते अंगात शोषू देत नाही. चहाचंही तसंच. चहाच्या चोथ्यानं पातं पुसा, तेही काळं पडतं.

आता ग्राम आरोग्य पोषण दिवसाला बाया जमल्या की मी ती पावशी घेऊन जाते. डाळिंबाची साल पात्यावर घासते, कोपऱ्यात ठेवते, वजनं-मापं उरकते. तेवढ्यात डाग काळा होतो. तो सगळ्यांना दाखवते. मग अर्धं लिंबू घेऊन त्यावर चोळते, डाग फिका पडत जातो. पोटात हुबेहूब असंच घडतं असं मी सांगत नाही. पण गोळी चहाबरोबर नाही, सालीसकट दाबलेल्या अनाराच्या रसाबरोबर नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची, ही गोष्ट पंधरा वेळा तोंडानं सांगून जी लक्षात राहत नव्हती ती त्या डागानं राहते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. संडास काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे, तिचा बाळाच्या रंगाशी संबंध नाही. हेही तिथंच सांगून घेते.

मग आयुर्वेद खोटा का, असं मला एका शिकलेल्या मुलीनं विचारलं. हा प्रश्न माझ्याही मनात होता. आमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून ज्या मॅडम आल्या त्या बी.ए.एम.एस. आहेत. त्यांच्याकडे जाऊन मी बसले. त्यांनी जे सांगितलं त्यानं माझे डोळे उघडले.

रक्त कमी होऊन माणूस पिवळा-पांढरा पडतो त्याला आयुर्वेदात पांडू म्हणतात. चरकसंहितेत पांडूच्या चिकित्सेत डाळिंब आहेच. पण ते तुपात आहे. दाडिमाद्य घृत. डाळिंबाबरोबर धने, चित्रक, सुंठ, पिंपळी घालून सिद्ध केलेलं तूप. म्हणजे भूक मेलेल्या माणसाचा अग्नी जागा करायला. आणि त्याच अध्यायात नवायस चूर्ण आहे, मंडूर वटक आहे. नवायसात नऊ औषधं आणि त्यांच्या बरोबरीनं लोह. मंडूर म्हणजेही लोखंडाचा जुना कीट, शुद्ध करून घेतलेला. मॅडम म्हणाल्या, "ताई, दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनासुद्धा पांडूत लोखंड द्यावं लागत होतं. नुसत्या रसावर त्यांनी कुणाला ठेवलं नाही." (ही भस्मं कुणी घरी करू नयेत आणि दुकानातून उगाच आणून खाऊ नयेत, वैद्यांनी तपासून दिली तरच.)

म्हणजे आमच्या आजी-आईनं डाळिंब धरून ठेवलं हे बरोबर होतं. बाकीचं अर्धं हातातून निसटलं होतं.

मग डाळिंबाचं स्वतःचं काम काय? चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधांचे दहा-दहांचे पन्नास गट आहेत. त्यांतल्या तिघांत डाळिंब आहे: हृद्य, छर्दिनिग्रहण आणि श्रमहर. छर्दिनिग्रहण म्हणजे ओकारी थांबवणारं. श्रमहर म्हणजे थकवा घालवणारं. हृद्य म्हणजे हृदयाला हितकर, मनाला भावणारं. ज्या गटात आंबा, बोर, करवंद, महाळुंग अशी आंबटगोड फळं आहेत त्याच गटात हेही. त्याचा अर्थ हृदयातले ब्लॉकेज उघडतात असा होत नाही. तसले मेसेज मोबाईलवर फिरतात आणि लोक बी.पी.च्या गोळ्या बंद करून रस प्यायला लागतात. रक्तदाबावर या रसाचा थोडा चांगला परिणाम काही अभ्यासांत दिसला आहे. पण गोळी सोडण्याइतका नाही, हे मी हात जोडून सांगते.

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात डाळिंबाचे तीन प्रकार सांगितले आहेत. गोड, आंबटगोड आणि नुसतं आंबट. गोड ते तिन्ही दोषांना शमवणारं, तहान, दाह, ताप यांत उपयोगी, पचायला हलकं, ग्राही म्हणजे पातळ मलाला बांधणारं. आंबटगोड ते भूक वाढवणारं, तोंडाला चव आणणारं, किंचित पित्त करणारं. आणि नुसतं आंबट ते पित्त वाढवणारं, वात-कफाला कमी करणारं. हे ऐकलं तेव्हा मला आमचं न्हाणीमागचं झाड आठवलं. पाहुणे ज्याला कच्चं म्हणतात ते दुसऱ्या प्रकारातलं. चव गेलेल्या तोंडासाठी हेच.

आणि हे मी डोळ्यानं पाहिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी मामाजींना टायफॉइड झाला. दवाखान्यातून घरी आणलं, ताप गेला, पण अन्न समोर आलं की तोंड फिरवायचे. वरण-भात नको, कण्या नको, दूध नको. "तोंडात माती कोंबल्यासारखं लागते वं," म्हणायचे. गाल आत गेलेले. मी झाडाचं एक फळ काढलं, रस गाळला, त्यात चिमूटभर सैंधव आणि भाजल्या जिऱ्याची पूड घातली आणि चमच्यानं दिला. पहिला चमचा तोंडात फिरवत बसले. दुसरा मागितला. चौथ्या चमच्याला म्हणाले, "हे काय हाय? आपल्या झाडाचं?" त्या दिवशी चार चमचे. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पेजेत दोन चमचे रस घालून दिला, ती वाटीभर पेज त्यांनी संपवली. पेजेत डाळिंब घालायची रीतही चरकात आहे हे मला नंतर मॅडमकडून कळलं. आठवड्याभरात ते भाकरीवर आले. त्यांना बरं केलं ते दवाखान्याच्या औषधानंच. रसानं त्यांना ताटापाशी परत आणलं, आणि आजारातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नाही.

तिसऱ्या महिन्यातल्या ओकाऱ्यांनाही हा रस मी देते. पण गिलासभर एकदम नाही. अर्धी वाटी रस, तेवढंच माठातलं पाणी, खडीसाखरेचा लहान खडा, आणि तासभर घोट-घोट. सकाळी उठल्या-उठल्या कोरड्या पोटी नको, आधी लाह्या किंवा सुकी भाकर दोन घास. बऱ्याच जणींना यानं पाणी तरी पोटात ठरायला लागतं. मात्र पाणीसुद्धा ठरत नसेल, लघवी कमी आणि गर्द होत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रसात वेळ घालवू नका, थेट दवाखाना.

उन्हाचं आमच्याकडे सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपा लागला की सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तेव्हा आमच्या झाडाला फळ नसतं, बाजारातलं आणावं लागतं. शेतातून आलेल्या माणसाला कैरीचं पन्हं, ताक आणि परवडत असेल तर पाणी घातलेला डाळिंबाचा रस, सैंधव घालून. बर्फ घालू नका. परवडत नसेल तर पन्ह्यानं भागतं, जीव जाळून डाळिंब आणायची गरज नाही. आणि ऊन लागून अंग तापलं, घाम बंद झाला, माणूस बरळायला लागला तर तोंडात काहीच ओतायचं नाही. सावलीत आणा, ओल्या दुपट्ट्यानं अंग पुसत राहा आणि गाडी बोलवा. आमच्या भागात उन्हाळ्यात हे प्रसंग दरवर्षी येतात.

रस काढायची माझी पद्धत सांगते, कारण यात बरंच बिघडतं. बाजारात फळ घेताना रंगावर जाऊ नका. हातात जड लागलं पाहिजे. पिकलेलं डाळिंब अगदी गोल राहत नाही, दाणे भरले की त्याला कंगोरे येतात, आणि वरचा मुकुट आतल्या बाजूला मिटत येतो. टिचकी मारली की टणक आवाज येतो. घरी आल्यावर मुकुटाकडची टोपी अलगद कापायची, फळ आतपर्यंत चिरायचं नाही. आत पांढऱ्या पडद्यांच्या रेषा दिसतात, त्या रेषांवरून सालीला वरून खाली चिरा द्यायच्या आणि हातानं फोडी उमलवायच्या. मग ती फोड पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बुडवून दाणे सोडवायचे. दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो. तो काढून फेकायचा. पापुद्रा राहिला की रस कडू.

दाणे सुती फडक्यात बांधून पिळायचे. पूर्वी आमच्याकडे धोतराचा जुना तुकडा याच कामासाठी ठेवलेला असायचा, चहाच्या रंगाचा झालेला. मिक्सर वापरायचा असेल तर एक-दोन हलके झटके, बस. फिरवत राहिलं की बी भरडून तिची कडवट भुकटी उतरते. मध्यम आकाराच्या एका फळातून साधारण अर्धी-पाऊण वाटी रस येतो. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात घ्या. बिनकल्हईच्या पितळेत, ॲल्युमिनियमच्या गंजात आंबट रस ठेवू नका. काढला की पंधरा-वीस मिनिटांत संपवा. साडीवर शिंतोडा उडाला तर तेव्हाच धुवा, वाळला की तो जन्मभर राहतो.

हातगाडीवर फळ अख्खं मधोमध कापून साचात दाबतात. तो रस तुरट लागतो, कारण सालही पिळली जाते. तो वाईट असतो असं नाही, सालीच्या तुरटपणातही गुण आहेत. पण बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला तो नडतो, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास तर नकोच. डब्यातल्या रसाचं लेबल वाचा. पुष्कळदा त्यात डाळिंब थोडं, बाकी दुसऱ्या फळांचा रस आणि वरून साखर. एक सवय मात्र खरंच मोडायला हवी, ती म्हणजे दुधात डाळिंब घालून केलेला शेक. चरकात दुधाशी विरुद्ध सांगितलेल्या फळांच्या यादीत डाळिंब नावानिशी आहे.

सालीबद्दल बाया हमखास विचारतात. हगवण लागलेल्या लेकराला वाळलेली साल उगाळून द्यायची जुनी चाल आमच्याकडे आहे. साल ग्राही आहे हे आयुर्वेदही सांगतो. पण लहान लेकराच्या जुलाबात आधी ओ.आर.एस. आणि चौदा दिवस झिंक, यात मी तडजोड करत नाही. जुलाबात लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी गेल्यानं, आणि साल ते पाणी भरून देत नाही. जंतांवर मुळाची साल देतात तीही घरी कधी देऊ नका, तिच्यात विषारी अंश असतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही, डाळिंबाच्या रसाचं बोटसुद्धा नाही. वर्षाच्या आत रस नकोच. साखरेच्या आजाराच्या माणसानं रसापेक्षा मूठभर दाणे चावून खावेत, कारण गिलासभर रसात तीन-चार फळांची साखर एका घोटात जाते आणि चोथा फडक्यात राहतो.

आता जे लिहायचं मी लांबवत होते ते.

टायफॉइडनंतर मामाजींना त्या रसाची गोडी लागली. हंगामात रोज सकाळी एक वाटी. त्यांना बी.पी.ची गोळी होती, ती ते नीट घेत. मी कौतुकानं रस काढून द्यायची. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजायला लागले. तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. आमच्या खारपाणपट्ट्यात किडनीचं दुखणं घरोघरी ऐकू येतं, त्यामुळे तो कागद हातात आला तेव्हा मला वाचायची गरजही पडली नाही. डॉक्टरांनी जेवणाची यादी दिली. पोटॅशियम कमी करायचं. केळी बंद, नारळपाणी बंद, डाळिंबाचा रस बंद. शंभर मिलिलिटर रसात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. चांगल्या किडनीला ते हिताचं, थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात साचलं की हृदयाच्या ठोक्यावर येतं. बी.पी.च्या काही गोळ्याही पोटॅशियम धरून ठेवतात. म्हणून ज्यांना किडनीचा त्रास आहे, ज्यांच्या बी.पी.च्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोजचा रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नव्हतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन विचारा-विचारा सांगणारी मी, घरात विचारायचं राहिलं.

मामाजींना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाड म्या लावलं, अन मलेच बंदी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

त्या वर्षी झाडाची बरीच फळं अळीनं खाल्ली, कुणी लक्षच दिलं नाही. फुलपाखरू कोवळ्या फळावर अंडं घालतं, अळी आत शिरते आणि बाहेरून फळ चांगलं दिसत असताना आत सडतं. पाणीही कधी मिळालं कधी नाही, म्हणून उरलेली फळं तडकली. मला वाटलं आता हे झाडही सुटलं.

यंदा आषाढात ते पुन्हा फुललं. मृगाचा बहार. एका सकाळी पाहते तर मामाजी कात्री घेऊन बसलेले, माझ्या जुन्या सुती साडीचे चौकोन कापत. फळ लिंबाएवढं झालं की त्यावर कापडाची पिशवी बांधायची, म्हणजे पाखरू बसत नाही. हात थरथरतात, तरी गाठ पक्की मारतात. रोज संध्याकाळी न्हाणीच्या नालीचं पाणी हातानं झाडाकडे वळवतात, म्हणजे खंड पडून फळ तडकू नये. आता कार्तिक लागला आहे. फळांचे कंगोरे पिशवीवरूनही हाताला लागतात. त्यांनी काल मोजली, सदतीस.

पांढऱ्या पिशव्यांमध्ये तीन पिशव्या निळ्या कापडाच्या आहेत. मी विचारलं, "हे निळे काऊन जी, मामाजी?"

"थे तिसऱ्या घरच्या सुनेचे," ते म्हणाले. "तिच्या पोटात अन्न ठरत नाही म्हणे. तू सांगत होती ना परवा. हे तीन आधी पिकतीन, उन्हाच्या बाजूले हायेत."

आज सकाळी मी त्यांतलं पहिलं काढलं. टिचकी मारून पाहिली, मुकुट मिटलेला आहे. फळ, खडीसाखरेची पुडी आणि लोहाच्या गोळ्यांची नवी पट्टी, तिन्ही एकाच पिशवीत ठेवली आहेत. गृहभेटीला निघताना घेऊन जाते.